पांढऱ्या वाईनची पहिली चांगली बाटली: गोव्यातल्या नवख्यांसाठी

गोव्यात राहून "मला वाईनमधलं काही कळत नाही" म्हणायची सोय नसते. घाटावरून पाहुणे आले की गाडीतून उतरतानाच विचारतात, "तुमच्याकडे स्वस्त मिळते ना?" आमच्या फोंड्याच्या घरात वाईन म्हणजे नाताळात शेजारून यायची ती गोड, तांबडी पोर्ट. केकबरोबर बोटभर उंचीच्या पेल्यातून, जवळजवळ औषधासारखी. गोडवा नसलेली पांढरी वाईन मी प्यायले ती थेट तिशीत, आणि ती बाटली खराब निघाली. ते मला कळलंच नाही. मला वाटलं, पांढरी अशीच लागते: शिळ्या सफरचंदासारखी, जिभेवर मेल्यासारखी. पुढची दोन वर्षं मी पांढऱ्या वाईनला नाक मुरडत होते. चूक ना मळ्याची होती, ना वाईन बनवणाऱ्याची. ती बाटली दुकानाच्या शोकेसमध्ये उन्हात उभी होती.

ती दोन वर्षं तुमची वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी हे समजून घ्या: द्राक्षं गोव्याची नसतात

गोव्याच्या दमट हवेत आणि पावसात वाईनची द्राक्षं लावून धंदा होत नाही. इथल्या पोर्टची द्राक्षंसुद्धा घाटावरून येतात. आपल्या दुकानांत दिसणारी देशी पांढरी वाईन बहुतेक नाशिकची, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची किंवा बंगळूरुजवळच्या नंदी हिल्सकडची.

महाराष्ट्रात द्राक्षवेल थंडीत झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर एक, ती काडी तयार व्हावी म्हणून. पावसाळा सरता सरता दुसरी, ती फळासाठी. तोडणी होते साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात तीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे एकच साल छापलेल्या दोन बाटल्यांपैकी देशी बाटली सहा-आठ महिन्यांनी थोरली असते. साधी देशी पांढरी वाईन तोडणीपासून दोन वर्षांच्या आत संपवावी, त्यामुळे हा हिशेब दुकानात कामाला येतो. "जुनी वाईन चांगली" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. ते फार थोड्या वाईनना लागू पडतं आणि कोपऱ्यातल्या बारमध्ये उभ्या असलेल्या बाटलीला तर नाहीच.

२. "कुटुंबाचा मळा" लेबलवर कसा ओळखायचा

कुटुंबाने चालवलेल्या मळ्याचं कौतुक कशासाठी? पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं तोडल्यावर काही तासांत दाबून रस काढावा लागतो, नाहीतर हवेने रस तपकिरी पडायला लागतो आणि वास उडतो. ज्याचा मळा, त्याच्याच अंगणात घाणा आणि टाक्या असतील तर पहाटेच्या गारव्यात तोडलेला घड ऊन चढायच्या आत दाबला जातो. बाहेरून द्राक्षं विकत घेणाऱ्याचा माल मात्र ट्रकमध्ये तापत येऊ शकतो. नंतर हा रस स्टीलच्या टाकीत, साधारण १२ ते १८ अंशांवर, सावकाश आंबवतात. घाई केली की फुलाफळांचा वास उडून जातो. एका बाटलीला किलोभराहून थोडी जास्तच द्राक्षं लागतात.

आपल्याकडची ठळक नावं दोन. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ही कंपनी उभी केली. तुकोबांची पालखी ज्या अकलूजला मुक्काम करते, तिथे शार्दोने हे परदेशी जातीचं वाईनचं द्राक्ष पिकतं हे माझ्या वडिलांना अजून खरं वाटत नाही. दुसरं नाव ग्रोव्हर. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ साली नंदी हिल्सच्या पायथ्याशी वेली लावल्या. आज ती कंपनी विलीनीकरण होऊन 'ग्रोव्हर झांपा' झाली आहे. परदेशात ही परंपरा फार जुनी: फ्रान्सच्या आल्सास भागातलं ट्रिंबाख घराणं १६२६ पासून, ह्यूगेल घराणं १६३९ पासून याच धंद्यात आहे.

आता सापळा. "फॅमिली" हा शब्द, जुन्या वाड्याचं चित्र, आजोबांची सही, हे सगळं बाटलीच्या पुढच्या लेबलवर कुणीही छापू शकतो. खरं काय ते बारीक अक्षरात असतं. फ्रेंच बाटलीवर 'मिज़ आं बुतेय ओ दोमेन' किंवा 'ओ शातो' आणि जर्मन बाटलीवर 'गुट्सअबफ्युलुंग' असं लिहिलेलं असेल, तर वाईन मळेवाल्यानेच भरलेली आहे.

पोर्तुगीज लेबल वाचायला मात्र गोंयकाराला परका माणूस लागत नाही. मी पहिली अशी बाटली आणली तेव्हा शेजारच्या आंटींना दाखवली. त्या ऐंशीच्या पुढच्या, मुक्तीआधी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी लेबल डोळ्यांपासून चार बोटांवर धरलं आणि वाचत गेल्या: 'क्विंता' म्हणजे मळा, 'ब्रांकु' म्हणजे पांढरी, 'सेकु' म्हणजे गोड नसलेली, 'कुल्येय्ता' म्हणजे तोडणीचं साल. मग म्हणाल्या, "हांगा बरयलां पळय, 'एंगार्राफादु'. बाटलेंत कोणें भरलां तें." त्या शब्दापुढे मळ्याचं नाव असेल तर उत्तम. 'विन्यू व्हेर्द' वाचून हिरवी वाईन मागू नका. ते उत्तर पोर्तुगालमधल्या एका प्रदेशाच्या वाईनचं नाव आहे आणि त्या नावाने लालसुद्धा मिळते. त्याच प्रदेशात मेल्गासूच्या एका शेतकऱ्याने १९७४ साली आल्व्हारिन्यू जातीची द्राक्षं लावली. 'सुअल्येयरू' हा मळा आजही त्याच्याच घराण्याचा आहे.

आणि कुटुंबाचा म्हणजे लहान, असंही धरून चालू नका. १९३९ पासून बाजारात असलेली 'कासाल गार्सिया' ही भरमसाट खपणारी वाईनसुद्धा एका घराण्याच्याच मालकीची आहे.

३. पहिल्यांदा कुठलं द्राक्ष?

शेनँ ब्लाँ घ्या. देशी, पेरूचा किंवा पिकल्या नासपतीचा वास असलेली, बऱ्याचदा किंचित गोडसर. पोर्टवर वाढलेल्या जिभेला ती पटकन पटते. बाटली हजार रुपयांच्या आसपास बसते, त्यामुळे चुकलं तरी मनाला लागत नाही.

दुसरी सोव्हिन्यों ब्लाँ: आंबट, हिरव्या मिरचीचा आणि कापलेल्या गवताचा वास. पहिल्या घोटाला काहीजण दचकतात. ओकच्या पिंपात मुरवलेली शार्दोने तिसऱ्या-चौथ्या बाटलीपर्यंत राखून ठेवा. लाकडाचा आणि लोण्याचा वास ओळखता आला नाही तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. जर्मनीची किंवा आल्सासची रीसलिंग दिसली आणि खिसा परवानगी देत असेल तर सोडू नका.

परदेशी बाटली इतकी महाग का, हे दुकानदाराला विचारून भांडू नका. बरीच वर्षं वाईनवर १५० टक्के आयातशुल्क होतं, आणि किमतीची पातळी त्यावरच ठरत आली. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायला लागलं.

४. बाटलीआधी दुकान निवडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. द्राक्षाचं नाव चुकलं तर चालेल, दुकान चुकलं की संपलं.

माझी ती खराब बाटली हमरस्त्यावरच्या एका दुकानातली होती. पश्चिमेकडे तोंड, काचेची शोकेस, आत वरच्या फळीवर पिवळा दिवा, आणि त्या दिव्याखाली सगळ्यात महागड्या बाटल्या. मी मुद्दाम तिथलीच मागितली, कारण दिसायला झकास होती. लेबलचा एक कोपरा उन्हाने फिका पडला होता, तेसुद्धा मला "जुनी आहे, भारी असेल" असं वाटलं! उघडताना बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं होतं. तापून आतला द्रव फुगतो आणि बूच ढकलतो. माहीत असतं तर तिथेच परत केली असती.

दुकानात शिरल्यावर मी आता हे बघते. एसी चालू आहे का, आणि रात्री बंद होतो का (सरळ विचारा, पोरगा खरं सांगतो). वाईन फळीवर आहे की फ्रीजमध्ये. बाटलीच्या गळ्याशी बोट फिरवायचं: बूच किंवा वरचं टोपण फुगलेलं आहे का, चिकट ओघळ आहे का. बाटली उजेडाकडे धरायची: कोवळी पांढरी वाईन फिकट गवती किंवा हिरवट पिवळी दिसते, चहाकडे झुकलेली असेल तर ठेवून द्यायची. पारदर्शक काचेची बाटली ट्यूबलाइटखाली असेल तर मागची, खोक्यातली मागायची. उजेडानेही वाईन बिघडते, हे पुष्कळ दुकानदारांना माहीत नसतं.

मग मागचं लेबल. देशी बाटलीवर बहुधा 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं. परदेशी बाटलीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. तो नसेल तर ती बाटली कुणाच्या तरी सामानातून आलेली आहे, आणि वाटेत ती कुठे तापली याचा पत्ता नाही.

उलाढाल बघा. ज्या दुकानातून आसपासची रेस्टॉरंटं माल उचलतात तिथे बाटली धूळ खात नाही. मे महिन्यात खरेदी करावीच लागली तर सकाळी जा, आणि तिथून थेट घरी या. बंद गाडीत बाटली ठेवून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तासभर हिंडणं म्हणजे ती बाटली उकडणं.

५. हाताशी काय लागेल

कागदपत्रं:
- वयाचा पुरावा. गोव्यात किमान वय १८ आहे. तरुण दिसत असाल तर आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा.
- छापील बिल. खराब बाटली बदलून मागायची तर हाच आधार.
- गोव्याबाहेर न्यायची असेल तर अबकारी खात्याचा परवाना (पायरी ९ बघा).

सामान:
- वेटर वापरतात तसला, घडी होणारा स्क्रू ओपनर. दोन हात वर करणारा पंख्यांचा ओपनर बूच मोडतो.
- देठाचे, तोंडाशी थोडे निमुळते दोन-चार ग्लास. पोर्टचे पेले कपाटातच राहू द्या.
- बादली किंवा खोलगट टोप, बर्फ, मूठभर मीठ.
- साधा पांढरा रुमाल किंवा कागद, रंग बघायला.

६. घरी ठेवणं आणि थंड करणं

वाईनचं वेगळं कपाट नसलं तरी बिघडत नाही. चिऱ्यांच्या जुन्या भिंतींचं घर असेल तर सगळ्यात आतली, बिनखिडकीची खोली शोधा. आमच्याकडे ती कोठीची खोली. सोलांच्या (आमसुलांच्या) बरणीशेजारी आडवी पडलेली बाटली बघून आई म्हणाली, "ही कोण नवी सून?" बूच असलेली बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच सुकत नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर फार साठवूच नका, आठवड्याभरात पिणार तेवढीच आणा. पावसात वीज गेली की फ्रीजमधली बाटली गार-गरम होत राहते, म्हणून महिनोन्महिने तिथेही ठेवू नका.

फ्रीजमधून काढली की बाटली चारेक अंशांवर असते. इतक्या थंडीत वास झोपतो. सोव्हिन्यों, शेनँसाठी ७ ते १० अंश, ओकमधल्या शार्दोनेसाठी १० ते १३. आपल्या हवेत पहिलीला पाच मिनिटं आणि दुसरीला पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवली की पुरतं. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालणारे बरेच असतात. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, बाटलीला सगळीकडून भिडतं ते पाणी. ग्लासात बर्फ टाकायला मी कुणाला मनाई करत नाही, पण मग महागडी बाटली कशाला?

७. उघडल्यावर नाक वापरा

ग्लास तिसरा हिस्सा भरा, गोल फिरवा, वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद गोदामाचा वास आला तर बूच दूषित आहे. बाटली परत करा, हॉटेलात असाल तर बिनदिक्कत सांगा. एक सूचना: जुलै-ऑगस्टात आपल्या घराला, गाद्यांना, कपाटाला सगळ्यालाच हा वास असतो. दुसऱ्या खोलीत जाऊन, ग्लास पुसून पुन्हा हुंगा. मी एकदा चांगली बाटली उगाच बदनाम केली, दोष ओलसर टेबलक्लॉथचा होता.

ठेचलेल्या, शिळ्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागली. माझी पहिली बाटली ती हीच.

तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे दिसले तर घाबरू नका. द्राक्षातल्याच आम्लाचे ते स्फटिक, थंडीने खाली बसलेले. भाऊजींनी एकदा अशी आख्खी बाटली सिंकमध्ये ओतली. अजून आम्ही त्यांना सोडत नाही.

८. आपल्या जेवणाबरोबर

पुस्तकी यादीत "व्हाइट वाईन विथ फिश" असतं, पण त्यांच्या माशात सोलां, तेफळ आणि मिरची नसते.

एक नियम धरा: वाईनचा आंबटपणा ताटातल्या आंबटपणाइतका तरी हवा. सोलां घातलेल्या हुमणापुढे, म्हणजे माशांच्या आमटीपुढे मऊ, लोणीदार शार्दोने पाण्यासारखी लागते आणि वर लाकूड कडवटतं. तिथे सोव्हिन्यों किंवा विन्यू व्हेर्द. तिखटासाठी दुसरा नियम: दारूचं प्रमाण जास्त असेल तर मिरची अधिक झोंबते. म्हणून झणझणीत हुमणाबरोबर कमी टक्क्यांची, किंचित गोडसर शेनँ घ्या.

तेफळ घातलेला बांगडा ही माझी आवडती जोडी. तेफळाने जीभ जरा बधिर होते, आणि त्यावर थंडगार सोव्हिन्योंचा घोट घेतला की लिंबाच्या सालीसारखी चव उघडते. तिसऱ्यांचं सुकं, खोबऱ्याचा चव पेरलेलं, तेही हिच्याबरोबरच. रव्यात तळलेल्या इस्वणाला (सुरमईला) मात्र बुडबुड्यांची वाईन जास्त शोभते, तळणीचं तेल जिभेवरून धुऊन जातं. ओकची शार्दोने कुठे? नारळाच्या दाट रसातल्या, मिरची कमी असलेल्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) काल्दीनबरोबर. तिथे ती लोण्यासारखी विरघळते.

सोलकढी आणि वाईन एका वेळी घेऊ नका, दोघांचं भांडण होतं. गोडाबरोबर ड्राय, म्हणजे गोड नसलेली वाईन आंबट लागते, म्हणून पातोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. तसाही श्रावण आणि चवथीचे दिवस आमच्याकडे बाटली उघडत नाही. खतखत्याबरोबर शेनँ छान जाते, हे मला भाद्रपद संपल्यावरच कळलं.

एका बाटलीत पाच ग्लास धरा. साडेबारा टक्क्यांच्या ७५० मिलीलीटरमध्ये जवळजवळ ९४ मिलीलीटर शुद्ध अल्कोहोल असतं. "वाईनच तर आहे" म्हणून स्कूटर काढू नका. रक्तात १०० मिलीलीटरमागे ३० मिलीग्रॅमची मर्यादा दोन ग्लासांतही ओलांडली जाते आणि पहिल्याच गुन्ह्याला दंड १० हजार रुपये आहे.

९. गोव्याबाहेर नेताना

दुकानाचं बिल म्हणजे परवाना नव्हे. "एक-दोन बाटल्यांना कोण विचारतो" हे सांगणारा माणूस तुमच्याबरोबर नाक्यावर नसतो. गोव्यात विकली जाणारी बाटली महाराष्ट्राचा कर भरलेली नसते, आणि तिकडे महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा, १९४९ लागतो. माझा आत्येभाऊ सीमेवर अडकला तेव्हा त्याच्या डिकीत होती दोन बाटल्या अकलूजची वाईन. ती पुण्याला घेऊन चालला होता! महाराष्ट्रात पिकलेली वाईन गोव्यात विकत घेऊन परत महाराष्ट्रात चोरून नेणारा माणूस बघून तिथला शिपाईसुद्धा हसला म्हणे. दीड तास आणि बाटल्या गेल्या. देशी वाईन पाहुण्यांना त्यांच्या गावातच घेऊ द्या.

विमानाने जाताना बाटली चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवा, हातातल्या बॅगेत चालत नाही. उतरता त्या राज्याचा कायदा आधी बघा. गुजरात आणि बिहारला नेऊच नका.

१०. उरली तर

बूच परत ठोकून फ्रीजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस बरी राहते. अर्ध्या लीटरच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरली तर आणखी एखाद-दुसरा दिवस, कारण आत हवा कमी. त्यापुढे प्यायला नको, पण तिसऱ्या वाफवायला अर्धी वाटी घाला.

रिकामी बाटली कचऱ्यात टाकू नका, समुद्रावर तर नकोच. आमच्या आंटी त्या धुऊन, उन्हात पालथ्या घालून माडाचा शिर्को, म्हणजे व्हिनेगर भरतात. गेल्या नाताळात केकबरोबर मला एक बाटली आली, लेबल अजून चिकटलेलं: 'ब्रांकु, सेकु'. भाऊजींनी ग्लासात ओतून घेतली.